प्लांटमध्ये एमपीसी चालतं, मग धरणाच्या दारांना का नाही?

पर्वती_पायथा

नमस्कार मंडळी, इथे वाचतो बरेच दिवस पण लिहितोय पहिल्यांदा, लांबलं तर सांभाळून घ्या. मी भोसरीत प्रोसेस कंट्रोलमध्ये आहे, पंधरा वर्षं झाली, रिफायनऱ्यांच्या डिस्टिलेशन कॉलमवर एमपीसी बसवायचं आणि मग ते ऑपरेटर मॅन्युअलला टाकतात म्हणून त्यांच्याशी भांडायचं, हे माझं पोटापाण्याचं काम. राहायला सिंहगड रोडला, नदीच्या अंगाला. २५ जुलै २०२४ ची पहाट इथल्या बऱ्याच जणांना आठवत असेल, खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या (म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट) आसपास विसर्ग होता आणि आमच्या पार्किंगमध्ये माझी ॲक्टिव्हा सीटपर्यंत बुडालेली. दोन दिवस चिखल उपसला आणि तेव्हापासून डोक्यात एक किडा वळवळतोय तो इथे सोडतो.

ज्यांना एमपीसी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मॉडेल प्रेडिक्टिव्ह कंट्रोल. साधा कंट्रोलर आत्ताची लेव्हल बघतो, जास्त झाली की व्हॉल्व्ह उघडतो, कमी झाली की बंद. म्हणजे घडून गेलेल्यावर उपाय. एमपीसी मॉडेल घेऊन पुढचे समजा २४ तास कागदावर चालवून बघतं, की आत्ता इतकं उघडलं, नंतर इतकं, तर काय होईल, आणि त्या सगळ्या शक्यतांमधून ज्यात आपलं नुकसान सगळ्यात कमी तो प्लॅन निवडतं. पण त्यातली फक्त पहिल्या तासाची चाल प्रत्यक्षात खेळतं. तास संपला की नवीन रीडिंग, नवीन अंदाज, पुन्हा पूर्ण २४ तासांचं गणित, पुन्हा पहिलीच चाल. सत्तरच्या दशकात तेलाच्या आणि केमिकलच्या प्लांटमध्ये हे सुरू झालं, तिथे आता कोणाला त्याचं कौतुकही राहिलेलं नाही.

आता खडकवासला बघा. टाकी आहे, आवक आहे, जावक आहे, दारं आहेत, मर्यादा आहेत, पावसाचा अंदाज आहे. हे तर एमपीसीचं पुस्तकातलं गणित झालं! साखळीतल्या चार धरणांचा उपयुक्त साठा मिळून २९.१५ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यात वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५, टेमघर ३.७१ आणि सगळ्यात खाली, शहराच्या डोक्यावर बसलेलं खडकवासला फक्त १.९७. मग वरची तीन धरणं आणि खालचं एक मिळून एकच कंट्रोलर का नाही? पाऊस दिसला की आधीच थोडं थोडं सोडायचं, पहाटे एकदम नाही. मी काहीतरी ढोबळ चुकतोय हे मला माहितीये, कुठे ते सांगा. आणि असं कुठे चाललंय का जगात?


गच्चीवरची_टाकी

भाऊ आमच्या सोसायटीत ऑलरेडी आहे एमपीसी. वॉचमन आहे आमचा. सकाळी पाणी किती वेळ येणार, कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाच्या बाथरूमचं काम काढलंय, टँकर किती वाजता मिळेल, सगळा अंदाज घेऊन रात्री साडेदहालाच ठरवतो की पंप कधी लावायचा. सकाळी पाणी कमी दाबाने आलं की प्लॅन बदलतो. पगार १४ हजार, लायसन्स फी नाही. चेष्टा सोडा, पण वाचतोय, चांगला विषय काढलात.


मोजपट्टी_निवृत्त

पर्वती पायथा, तुमचं पोस्ट दोनदा वाचलं. मी पाटबंधाऱ्यात उपअभियंता म्हणून निवृत्त झालो, कालव्यावर निम्मी नोकरी आणि धरणावर उरलेली. टायपिंग हळू आहे त्यामुळे जमेल तसं लिहितो.

पहिली गोष्ट, तुम्ही जे म्हणताय ते कोणाच्या डोक्यात आलं नाही असं समजू नका. कृष्णा आणि भीमा खोऱ्यासाठी जलविज्ञान प्रकल्पात रिअल टाइम येव्याचा (धरणात येणाऱ्या पाण्याचा) अंदाज आणि जलाशय परिचालन अशी सिस्टिम उभी केलेली आहे, पर्जन्यमापकं आणि पाणीपातळी टेलिमेट्रीने येतात, मॉडेल चालतं. म्हणजे तुमच्या भाषेत पहिला अर्धा भाग, प्रेडिक्टिव्ह, तो आहे. उरलेला अर्धा, म्हणजे मॉडेलने परस्पर दार उचलायचं, तो नाही. आणि मला विचाराल तर पुराच्या दारांसाठी तो नसावाच. का ते सांगतो.

तुमच्या प्लांटमध्ये व्हॉल्व्ह दहा टक्के उघडला तर आतलं तेल हलतं. इथे दार उचललं की खाली माणसं असतात. नदीपात्रात धुणं धुणारी बाई आहे, गुरं आहेत, भिडे पुलावरून जाणारे आहेत, पात्रातल्या रस्त्यावर लावलेल्या गाड्या आहेत. दार उचलायच्या आधी भोंगा, पोलिसांना फोन, महापालिकेला, जिल्हाधिकारी कार्यालयाला, खालच्या गावांना, आणि मग टप्प्याटप्प्याने विसर्ग. तुमचा कंट्रोलर दर तासाला म्हणाला साडेआठ हजार करा, आता अकरा करा, आता परत नऊ करा, तर खालच्या माणसाचा विश्वासच उडेल. दोनदा गाड्या हलवायला लावून पाणी आलं नाही तर तिसऱ्यांदा कोण उठेल पहाटे?

दुसरं, वेळापत्रक. प्रत्येक धरणाला ठरवून दिलेलं असतं की अमुक तारखेला इतक्या टक्क्यांच्या वर साठा ठेवायचा नाही, जून जुलैत मोकळी जागा ठेवायची, ऑगस्टमध्ये भरत आणायचं आणि पावसाळा संपताना काठोकाठ. अभियंता त्याप्रमाणे वागला तर त्याला कोणी बोलू शकत नाही. तुमच्या कंट्रोलरचं ऐकून जुलैच्या शेवटी खडकवासला निम्मं केलं आणि पाऊस आलाच नाही, तर दुसऱ्या दिवशी पेपरात काय छापून येईल ते मी आत्ताच लिहून देतो. मॉडेलला कोणी निलंबित करत नाही हो.

आणि पुण्यात धरणाचा विषय निघाला की १२ जुलै १९६१ कोणाच्या तरी मागे उभा असतोच. पानशेत फुटलं आणि त्या लोंढ्याने त्याच दिवशी खडकवासलाही गेलं. माझ्या आईने आयुष्यभर पावसाळ्यात धान्याचा डबा खालच्या फळीवर ठेवला नाही. त्यामुळे इथे दाराशी खेळ ही कल्पनाच लोकांना पटायला अवघड.

पण कालव्यावर मात्र तुमची ही आयडिया मला मनापासून आवडली. नवीन मुठा उजवा कालवा बघा, खडकवासल्यापासून हडपसर, लोणी, दौंड करत इंदापूरपर्यंत २०० किलोमीटरच्या वर जातो. आवर्तन, म्हणजे शेतीसाठी ठरलेल्या मुदतीचं पाणी, सोडलं की शेपटाला पोचायला दिवस लागतात. मी सेक्शनला असताना आमचा एक पाटकरी (कालव्याची दारं सांभाळणारा) होता, त्याला फक्त चौथी शिकलेला म्हणायचं, पण तो संध्याकाळी मोजपट्टीवरची ओल बघायचा, वरच्या सेक्शनला फोन करायचा, आणि क्रॉस रेग्युलेटरचं, म्हणजे पातळी धरायला कालव्यात आडव्या बसवलेल्या बांधकामाचं, दार दोन आटे वर घ्यायचा. मी विचारलं आत्ता का, लेव्हल तर बरोबर आहे, तर म्हणाला साहेब, वरच्या दोन वितरिका (कालव्याच्या शाखा) आज रात्री बंद होणार आहेत, ते पाणी पहाटे माझ्याकडे येईल, तेव्हा उठून दार उचलण्यापेक्षा आत्ताच थोडी जागा करून ठेवतो. हे तुमचं एमपीसी नाही तर काय? आमचं दुर्दैव एवढंच की तो रजेवर गेला की त्याचं मॉडेलही रजेवर जायचं.


भीमाखोरे

काकांनी निम्मं काम करून टाकलं 😀 मी याच विषयात पीएचडी करतेय, शेवटचं वर्ष, त्यामुळे झोप नाही आणि मतं भरपूर.

पर्वती दादा, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. चाललंय, पण जिथे चाललंय तिथली परिस्थिती बघा. सगळ्यात पुढे डच लोक. नेदरलँड्समध्ये उत्तर समुद्राच्या कालव्याच्या तोंडाशी आयमाउडन म्हणून ठिकाण आहे, तिथे भरती ओहोटीचं गणित असं की ओहोटीला समुद्र खाली गेला की दारं उघडून पाणी फुकटात जातं आणि भरतीला पंप लावावे लागतात, ते पंप सेकंदाला २६० घनमीटर खेचतात, म्हणजे आपले ९ हजार क्युसेकच्या वर, नुसत्या पंपांनी! आता पुढचे दोन दिवस ओहोटी कधी आणि पाऊस कधी हे आधी माहीत असेल तर ओहोटीला जास्तीचं सोडून भरतीचा पंप वाचवता येतो, वीजबिल वाचतं. हे एमपीसीला मुद्दाम आखून दिल्यासारखं गणित आहे. डेल्फ्टमध्ये यावर वीस वर्षांपूर्वीपासून प्रबंध होतायत आणि त्यांचं आरटीसी टूल्स नावाचं सॉफ्टवेअर तर फुकट उघडं आहे, कोणीही उतरवून घ्या. बार्सिलोनाच्या पिण्याच्या पाण्याच्या नेटवर्कवर पण भरपूर काम झालंय, कुठला पंप कधी चालवायचा, टाक्या कधी भरायच्या, वीज स्वस्त कधी.

लक्षात घ्या की दोन्हीकडे काय आहे. भरतीची वेळ पंचांगासारखी आधी कळते. शहराची पाण्याची मागणी रोज सकाळी सात वाजता वाढते म्हणजे वाढते. आपल्याकडे घाटातला पाऊस तसा नाही ना. शिवाजीनगरला वर्षाला ७०० ते ७५० मिलिमीटर पडतो आणि तिथून चाळीस पन्नास किलोमीटरवर टेमघरला त्याच्या कित्येक पट, मधल्या डोंगराने अंदाज थोडा इकडचा तिकडे झाला की सगळा पाऊस दुसऱ्याच पाणलोटात. मॉडेलने म्हटलेला पाऊस खरंच पडतो, फक्त मुठेत पडायच्या ऐवजी शेजारच्या खोऱ्यात पडतो. हवामानवाल्याच्या दृष्टीने अंदाज बरोबर, आपल्या दृष्टीने साफ चूक.

म्हणून इथे एकच अंदाज घेऊन एमपीसी चालवणं हा गाढवपणा आहे. स्पष्ट बोलते, कारण मी पहिल्या वर्षी तोच केला होता. मी काय केलं, जुना खरा पडलेला पाऊसच अंदाज म्हणून कंट्रोलरला दिला. रिझल्ट इतके सुंदर आले की मी गाईडना रात्री मेसेज केला. गाईड म्हणाले, म्हणजे तुझ्या कंट्रोलरला उद्याचा पेपर आज मिळतो. झालं, तीन महिने पाण्यात. आता मी अंदाजाचे पन्नास फाटे घेऊन चालवते, प्रत्येक फाटा एक शक्यता, पहिल्या काही तासांची चाल सगळ्यांना कॉमन, आणि पुढे जसजसा पाऊस दिसेल तसतशा वेगळ्या चाली. झाडासारखं फुटत जातं. रिझल्ट आता कमी सुंदर आहेत पण रात्री झोप लागते.

अमेरिकेतलं एक उदाहरण वेगळ्या कारणाने आवडतं मला. कॅलिफोर्नियात लेक मेंडोसिनो म्हणून जलाशय आहे. डिसेंबर २०१२ मध्ये तिथे चांगला पाऊस झाला, पूरनियंत्रणाच्या ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे जागा मोकळी ठेवायची म्हणून पाणी सोडून दिलं, आणि २०१३ कोरडंठाक गेलं. पुस्तकाप्रमाणे सगळं बरोबर, आणि तलाव रिकामा. त्यानंतर तिथे अंदाज बघून साठा ठेवायचा प्रयोग सुरू झाला. ते नावाने एमपीसी नाही आणि दारं अजूनही माणूसच हलवतो, पण विचार तोच. म्हणजे काका, वेळापत्रक पाळणाऱ्यालाही फटका बसतो, फक्त तो सहा महिन्यांनी बसतो आणि तोवर कोणाच्या लक्षात राहत नाही.

मॉडेलबद्दल. कालव्यातल्या प्रवाहाची खरी समीकरणं सेंट व्हेनांटची, ती दर तासाला ऑप्टिमायझरमध्ये घालून सोडवायची म्हणजे डोकेदुखी. पण गंमत अशी की कंट्रोलसाठी त्यांची गरज पडत नाही. दोन रेग्युलेटरच्या मधला कालव्याचा तुकडा घ्या. वरून पाणी सोडलं की काही वेळ खाली काहीच होत नाही, तो झाला उशीर. मग पातळी चढायला लागते, ती झाली टाकी. उशीर अधिक टाकी, बस, दोन आकडे प्रत्येक तुकड्याला. एवढ्यावर एमपीसी मस्त चालतं, लॅपटॉपवर सेकंदभरात सुटतं. काकांच्या पाटकऱ्याच्या डोक्यात हेच दोन आकडे होते प्रत्येक तुकड्याचे.


शेवटची_चारी

नमस्कार. मी इंदापूर तालुक्यातला, पाव्हण्यानं लिंक पाठवली म्हणून वाचतोय. तुमचं समदं वाचलं, इंग्रजी शब्द सोडले तर कळलं.

एक विचारायचं होतं. ते उशीर अधिक टाकी बरोबर हाय, पण मधल्या मोटारींचं काय? आवर्तन सुटलं की कालव्याच्या दोन्ही अंगाला पाइप पडत्यात, रात्री जास्त. तुमच्या मशीनला वाटंल पाणी येतंय, आमच्याकडं येईस्तोवर निम्मं. शेजपाळीत (पाणी घ्यायच्या नंबरवारीत) माझा नंबर मंगळवारी रात्री लागलेला असतो, मंगळवारी चारीला (शेताकडं येणाऱ्या छोट्या पाटाला) नुसती ओल येते, बुधवारी पाणी येतं तवर पाळी दुसऱ्याची. गेल्या उन्हाळ्यात उसाला एक पाळी अशीच गेली, मग टँकरनं डाळिंब जगवलं, उसाचं सोडून दिलं.

आणि दुसरी गोष्ट, आमच्याकडं वळीव पडला की सगळे चारीची दारं बंद करत्यात, पाणी नको म्हणून. ते सोडलेलं पाणी मग कुठं जातं? ओढ्याला. वर पुण्याला कळंपर्यंत दोन दिवस फुकट.


मोजपट्टी_निवृत्त

दादा, तुमच्या दुसऱ्या मुद्द्यात सगळं आलं. कालव्याच्या मुखाशी दार बंद केलं तरी वाटेतलं पाणी वाटेत असतंच, ते परत वर चढत नाही. सेकंदाला मीटरभराचा वेग धरला तरी दोनशे किलोमीटरला सव्वादोन दिवसांच्या वर झाले, भरायचा वेळ वेगळा. एस्केपमधून (जास्तीचं पाणी बाहेर काढायच्या दारातून) ओढ्याला सोडायचं नाहीतर कालवा फुटायची भीती. २०१८ च्या सप्टेंबरात हाच कालवा शहरात जनता वसाहतीजवळ फुटला तेव्हा दांडेकर पुलापर्यंत घरांत पाणी शिरलं होतं, आणि तिथे तर मुख फक्त काही किलोमीटरवर.

तिकडे दौंडला दोन दिवसांनी वळीव येणार हे आज कळलं, तर आजच मुख थोडं कमी करता येतं. अंदाज चुकला तर एक दिवस पाणी कमी मिळेल, कोणी बुडणार नाही. म्हणून म्हणतो, शिकायचं तर कालव्यावर शिका. धरणावर चुकायची सोय नाही.

मोटारींचं गणित सात नंबरच्या, म्हणजे पाणी मागणीच्या, अर्जात नसतं हे खरं आहे. अर्ज भरलेलं क्षेत्र आणि प्रत्यक्ष भिजलेलं क्षेत्र यात फरक किती ते आपण दोघेही जाणतो, इथे नको.


भीमाखोरे

शेवटची चारी दादा, मोटारींचा प्रश्न भारी आहे आणि त्याला थोडंफार उत्तर आहे. मशीनला मोटार दिसत नाही, पण मॉडेलने सांगितलेली पातळी आणि मोजपट्टीवरची पातळी यातला फरक दिसतो. रोज रात्री अमुक तुकड्यात इतकं पाणी गायब होतंय हे दोन तीन रात्रींत त्याला कळतं, आणि मग तो ती गळती धरूनच पुढचा प्लॅन करतो. चोर कोण ते नाही कळत, किती जातंय ते कळतं. तुमची मंगळवारची पाळी बुधवारी सरकणार असेल तर ते सोमवारीच सांगता येईल, निदान रात्री चारीवर बसून राहायला नको. पण त्यासाठी प्रत्येक तुकड्याला चालणारा सेन्सर पाहिजे, आणि सेन्सरची बॅटरी आणि सोलर पॅनल जागेवर राहिलं पाहिजे, हा वेगळा धागा होईल.


पर्वती_पायथा

सगळ्यांना खरंच धन्यवाद, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. दोन रात्री बसून एक खेळण्यातलं मॉडेल केलं, फक्त खडकवासल्याचं, वरची धरणं सोडून. आकडे माझेच धरलेले आहेत, खऱ्या कुठल्याही दिवसाचे नाहीत, शिव्या घालायच्या आधी हे वाचा.

पहिल्या रनला धरण तासाभरात भरलं. अर्धा तास डोकं खाजवलं. साठा दलघमीमध्ये (दशलक्ष घनमीटर) टाकला होता ५६, आणि येवा क्युसेकमध्ये, मॉडेल ५६ दलघफू (दशलक्ष घनफूट) समजून चाललं होतं. पंधरा वर्षांचा अनुभव म्हणे.

मग नीट केलं. १९७० दलघफू क्षमता, सुरुवात ९० टक्के भरलेलं, म्हणजे मोकळी जागा १९७. येवा आधी दिवसभर ३ हजार क्युसेक, मग घाटात बदाबदा, आठ तास ३० हजार. खाली १५ हजारच्या वर सोडायचं नाही अशी मर्यादा मी धरली. १५ हजार क्युसेक म्हणजे तासाला ५४ दलघफू. काही न बघता चालवलं तर ३० हजार येतंय, १५ हजार जातंय, उरलेल्या ५४ ने मोकळी जागा साडेतीन पावणेचार तासांत संपते आणि मग जेवढं येतंय तेवढं सोडण्यावाचून पर्याय नाही, सव्वाचार तास ३० हजार.

आता एमपीसी लावलं, ६ तास पुढचं बघणारं. त्याला संकट दिसलं पण उशिरा, सव्वादोन तास आधी दार उघडायला लागलं, शेवटी अडीच तास ३० हजार सोडावंच लागलं. मग १४ तास पुढचं दिसू दिलं. पाऊस वाढायच्या साडेपाच तास आधीच १५ हजार सुरू केलं आणि पूर्ण पूर त्याच मर्यादेत बसवला! मी खुर्चीतून उठलो अक्षरशः. आणि मग लक्षात आलं की हा तर उद्याचा पेपर आज मिळालेला कंट्रोलर आहे 🙏 भीमाखोरे ताई, तुमचे तीन महिने मी दोन रात्रींत करून घेतले.

अजून एक गंमत झाली. २४ तास पुढचं दिसू दिलं तर कधी कधी विनाकारण धरण खाली करत सुटतं. पाऊस नसतानासुद्धा. का?


भीमाखोरे

कारण त्याच्या दृष्टीने २४ तासांनंतर जग संपतं. पुढच्या तासाला शहराला पाणी लागणार आहे हे त्याला कोणी सांगितलंच नाही, मग साठा कशाला जपेल? मुदतीच्या शेवटी धरणात उरलेल्या पाण्याला किंमत लावावी लागते. आणि खरी मारामारी इथे आहे. जुलैच्या शेवटी त्या पाण्याची किंमत कमी, कारण अजून ऑगस्ट पडायचाय. सप्टेंबरच्या शेवटी तेच पाणी सोन्याच्या भावाने, कारण १५ ऑक्टोबरचा साठा धरून वर्षाचं नियोजन होतं. पुणे महिन्याला दीड टीएमसीच्या आसपास पितं, म्हणजे खडकवासल्यातलं ४० टक्के पाणी अंदाज चुकून वाया गेलं तर शहराचे साधारण पंधरा सोळा दिवस गेले. हा आकडा कंट्रोलरला कोण देणार? तुमच्या पार्किंगमधलं एक फूट पाणी आणि शेवटची चारी दादांची एक पाळी, यांचं वजन एकाच तराजूत टाकायचंय. पिण्याचं आधी, मग शेती, मग उद्योग हा क्रम लिहिलेला आहे, पण पूर त्या क्रमात कुठे बसतो ते सोल्व्हरला (गणित सोडवणाऱ्या प्रोग्रॅमला) आकड्यातच लागतं. माझ्या प्रबंधात मी तो आकडा मनाने घेतलाय आणि त्यावरच मला व्हायवात धुणार आहेत.

आणि वरची धरणं घ्या मॉडेलमध्ये. खडकवासला छोटं आहे, त्यात खेळायला जागाच नाही. पानशेत आणि वरसगावमध्ये मिळून २३ टीएमसीच्या वर जागा. वरच्यांची दारं एकाच वेळी खालच्यावर ओतायची नाहीत, एकाने थांबायचं दुसऱ्याने सोडायचं, हे ठरवण्यात एमपीसीचा खरा फायदा. फक्त वरच्या धरणांच्या खाली आणि खडकवासल्याच्या वर जो मोकळा पाणलोट आहे त्याला कुठलंच दार नाही, तो कोणाचं ऐकत नाही.


मोजपट्टी_निवृत्त

पर्वती पायथा, त्या साडेपाच तासांत एक बदल करून बघा. विसर्ग एकदम ३ वरून १५ हजार नको, दोन दोन तासांचे टप्पे, आणि प्रत्येक टप्प्याच्या आधी एक तास इशाऱ्याचा. म्हणजे कंट्रोलरने आत्ता ठरवलं तरी ते तासाने अमलात येणार. आणि रात्री अकरा ते पाच विसर्ग वाढवायला जबर दंड लावा. किती आधी उठावं लागतंय बघा आणि कळवा. मला वाटतं तुमचे साडेपाच तास दहाच्या पुढे जातील.


पर्वती_पायथा

काका, टप्पे आणि इशाऱ्याचा तास टाकून आत्ताच चालवलं. ३ वरून ७, मग ११, मग १५. नऊ तास लागले, रात्रीचा दंड अजून टाकलेला नाही. तो टाकला की बहुतेक आदल्या दिवशी दुपारीच सुरू करावं लागेल, म्हणजे आकाशात ऊन असताना भोंगा. शनिवारी वेळ असेल तर भेटू का? कालव्याचा एखादा तुकडा दाखवाल, ते उशीर आणि टाकीचे दोन आकडे मोजपट्टीवरून काढून बघायचेत.


मोजपट्टी_निवृत्त

शनिवारी सकाळी सातला हडपसरच्या पुढे या. छत्री आणि जुन्या चपला. आवर्तन चालू आहे तोवरच दिसेल.


शेवटची_चारी

आवर्तन चालू हाय का? आमच्याकडं तर आजून ओल बी नाय.